सुऱ्या, हाईस का?

काल माळ्यावरनं कूलर खाली काढला. मी वर स्टुलावर, मंगल खाली. मंगल म्हंजी माजी बायको. "जरा बेतानं की वो," म्हनाली. "बेतानंच चाललंय," म्हनलो, आनि तेवड्यात घसरलो. मंगलनं वरच्यावर झेलला. कूलर. मी आपला फरशीवर. "दोनीतलं एकच धरता येत व्हतं," म्हनाली, आनि कूलरवरची धूळ पदरानं पुसाय लागली.

मग त्याच्या जाळीतल्या गवतावर पानी मारलं. वरीसभर वाळलेलं गवत पयल्यांदा भिजलं की एक वास सुटतंय. मातीचा न्हाय, फुलाचा न्हाय. जुन्या गोनपाटावर कुनीतरी झोपून उठलंय असा. तो वास आला आनि गेला उन्हाळा सगळाच्या सगळा घरात येऊन बसला, पाय पसरून.

गेल्या उन्हाळ्यात मी घरनं काम कराय लागलो. अजून करतोय, पन पयला उन्हाळा तो पयलाच.

त्याआदी मी चादरीच्या दुकानात उभा असायचो. उभा म्हंजी खरंच उभा. स्टूल व्हतं, पन ते गिऱ्हाइकाचं. शिक्षन म्हनाल तर सातवीत दोनदा बसलो. पयल्यांदा सगळ्यांबरोबर, दुसऱ्यांदा एकटाच. पन तोंड चालतंय आपलं. पुन्याच्या एक केतकी म्याडम दुकानात आल्या व्हत्या. एक चादर घ्यायला आलेल्या, नऊ घेऊन गेल्या. चार दिसांनी त्यांचा फोन.

"सुरेश, माझ्यासाठी काम कराल का? घरून करायचं."

"कुनाच्या घरनं?"

"तुमच्याच."

मला पटंना. माज्या घरी मला आजवर मंगलशिवाय कुनी काम सांगितलेलं न्हवतं.

काम असं की म्याडमचं दुकान मोबाइलमदी. चादरी, टॉवेल, पंचे. गिऱ्हाईक लांबलांबचं, नाशिकचं, बेंगलोरचं, पार अमेरिकेचं. त्यांनी बटन दाबलं की मी मोबाइलमदी दिसायचो, आनि चादर उलगडून दाखवायचो. सोप्याच्या भितीला चादरीची चळत, समोर मोबाइलचं स्टँड, मदी मी. दुकान तेच, मालक तेवडा लांब गेला, असं मला वाटलं. तितंच फसलो. दुकानातला मालक दुपारी झोपायचा. म्याडम झोपत न्हाईत.

तुमी सोलापूरचा मे बघितलाय का? आमच्यावर पत्रा हाय. अकरा वाजले की पत्रा कडकड बोलाय लागतंय, जनू वर कुनी पापड मोडतंय. पंखा वरची गरमी खाली आनतोय, तेवडंच त्याचं काम. गल्लीतलं कुत्रं नळाच्या खड्ड्यात पोट टेकून पडतंय आनि ओळखीचं मानूस आलं तरी शेपूट हलवत न्हाय, उगं एक डोळा उघडून 'बघितलं हां' म्हनतंय. असल्या उन्हात माजा कूलर बंद. का, तर म्याडम म्हनल्या, "सुरेश, मागं ते हेलिकॉप्टर कसलं आहे?"

मग असंच एका दुपारी कॅनडाच्या एक बाई आल्या. तिकडं म्हनं अजून गारठा. म्हनल्या, "चादर ऊबदार आहे का हो? अंगावर घेऊन दाखवता?" घेतली. डोस्क्यावरनं घेतली. त्या म्हनल्या, "गरम वाटतंय?"

"लई!" म्हनलो.

इतकी वर्सं धंद्यात हाय, गिऱ्हाइकाला एवडं खरं कदी बोललो न्हवतो.

रोज सकाळी दहाला मीटिंग. मोबाइलमदी चौकोन चौकोन, एकेका चौकोनात एकेक मानूस. पयल्या दिवशी म्याडम म्हनल्या, "हाय." दुसरा म्हनला, "हाय." तिसरी म्हनली, "हाय." माजी छाती भरून आली. पुन्याची मानसं, पन हजेरीला आपल्यासारखं बोलत्यात! मी ताठ झालो, हात वर केला आनि शाळंत कदी दिली न्हाय अशी हजेरी दिली, "हाय, म्याडम!" महिनाभर रोज हात वर. शेवटी कुर्डुवाडीच्या चौकोनातल्या मीनानं एकदा येगळा फोन केला.

"दादा, तुमी हात का वर करताव?"

"हजेरी न्हाय का?"

"अवो, ते हाय म्हंजी इंग्लिशमदलं. नमस्कार म्हंजी."

"मग हजेरी कोन घेतंय?"

"तो हिरवा ठिपका."

तर नावापुडं एक हिरवा ठिपका असतंय. मोबाइलला जरा वेळ हात लागला न्हाय की तो विझतोय, आनि विझला की लगेच म्याडम, "सुरेश, ठिपका गेला तुमचा." मी जेवताना डाव्या हातानं मोबाइल चोळायचो. मंगल बघून बघून एक दिवस म्हनाली, "माज्या टिकलीकडं कदी एवडं बघितलं न्हाय."

मीनाचं येगळंच. तिच्या घरामागं रेल्वे. ती बोलाय लागली की गाडी शिट्टी मारायची. म्याडम एकदा वैतागून म्हनल्या, "मीना, ती गाडी थांबेल का जरा?" मीना म्हनाली, "थांबती की म्याडम, जंक्शन हाय. पन मग परत निघती." सगळे चौकोन हसले. म्याडम हसल्या न्हाईत, पन त्यांचा चौकोन जरा हलला.

फायदे न्हवते असं न्हाय. इतक्या वर्सांत मी पयल्यांदा दुपारची भाकरी तव्यावरची खाल्ली. आंबा कापला की कोय माज्या वाट्याला यायची, कारन हाताशी मीच. मोगऱ्याला कळी कवा धरती, चिमनी पत्र्याखाली कुटनं शिरती, शेजारची म्हातारी दुपारी कुनाशी एकटीच भांडती, हे सगळं मला त्या उन्हाळ्यात कळलं. आपल्या घरात दुपार कशी असती तेच मला ठाव न्हवतं.

तोटा एकच, पन तो सगळीकडं पसरलेला. शेजारनं कुनी इचारलं, "सुरेश घरी हाय का?" तर मंगल सांगायची, "हायत, पन न्हायत."

आनि आमच्याकडं पानी रोज येत न्हाय. चार-पाच दिसांनी येतंय, तेबी त्याच्या मर्जीनं. मंगल सकाळीच कडक भाकऱ्या थापायच्या कामाला जायची, मदी जेवनापुरती तेवडी यायची, म्हंजी पानी माज्या अंगावर. गल्लीत "आलं रं आलं!" झालं की मी तोंडानं चादरीचा भाव सांगायचो आनि पायानं नळी या पिपातनं त्या पिपात टाकायचो. एकदा नळी उडाली आनि चादर भिजली. बेंगलोरच्या साहेबांना म्हनलो, "बघा, रंग जात न्हाय." घेतल्या त्यांनी चार.

हे सगळं हसन्यावारी नेलं, पन मी हे काम घेतलं ते आबासाठी.

आबा माजा बाप. सगळी उमर मागावर गेली त्यांची. खटक-खटक, खटक-खटक. मागानं त्यांना पोटाला दिलं आनि कान तेवडे ठेवून घेतले. आता कानाशी जाऊन बोललं, न्हायतर तोंड फाडून वराडलं, तरच ऐकू येतंय. आनि आपल्याला ऐकू येत न्हाय म्हंजी जगाला येत न्हाय असं धरून ते बोलत्यात. त्यांनी हळू सांगितलेली गोष्ट चार घरं ऐकत्यात.

मी दुकानात असताना एकदा ते मोरीत पाय घसरून पडले. मंगल कामावर. दोन-तीन तास पडून व्हते. हाड मोडलं न्हाय, नशीब. पन त्यांनी हाका मारल्या व्हत्या. "कोन हाय का? कोन हाय का रं?" कुनी 'हाय' म्हनलं का न्हाय, ते त्यांना कळायचा मार्गच न्हवता. कुनी म्हनलंबी असंल, तर ते ऐकू येनार कुटनं.

तवापासनं त्यांना एक सवय लागली. खाटंवर बसल्या बसल्या, पंधरा-वीस मिनटांनी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक.

"सुऱ्या, हाईस का?"

आनि मी जितं असंल तितनं वराडायचं, "हाय!"

संपलं. एवडंच पायजे असायचं. पानी नको, च्या नको. 'हाय' आलं की परत शेंगा सोलाय बसायचे. न्हाय आलं तर मातर काठी घेऊन उठायचे, बघायला. आनि उठले की माजा जीव मोरीपाशी जायचा.

आता गंमत बघा. गिऱ्हाइकाशी बोलतोय, मागनं आबाची हाक, आनि मी मोबाइलसमोर तोंड फाडून "हाय!" गिऱ्हाईक दचकायचं आनि परत म्हनायचं, "हाय!" जरा वेळानं परत हाक, परत माजं "हाय!", परत त्यांचं "हाय हाय!" अमेरिकेतल्या एका पोरीला वाटलं, सोलापूरची मानसं लई प्रेमळ हायत, दर पंधरा मिनटाला नव्यानं भेटत्यात. एका शब्दात दोन कामं व्हायची. बापाला उत्तर आनि गिऱ्हाइकाला नमस्कार. मी मनातनं म्हनायचो, सातवी नापास असून कसं बसवलंय बघा.

पन म्याडम सगळे कॉल परत ऐकत्यात. एक दिवस फोन आला.

"सुरेश, एका कॉलमधे तुम्ही नऊ वेळा हाय म्हणालात. ओरडून."

"व्हय, म्याडम."

"का?"

मला खरं सांगता आलं असतं. पन वाटलं, घरात म्हातारं मानूस वराडतंय म्हनलं तर म्हनतील, मग घरनं कशाला काम करता. म्हनून म्हनलो, "उत्साह, म्याडम."

"उत्साह कमी करा. एकदाच बोलायचं, आणि हाय नाही, नमस्कार. पंधरा दिवस मी कॉल ऐकणार आहे. नाही जमलं तर पुण्याला गोडाऊनला या. तिथं शांतता असते."

पुन्याला म्हंजी आबा परत एकटे. खटकन सगळं कळलं मला. घरी ऱ्हायचं असंल तर घरी हाय म्हनायचं न्हाय.

मंगलला सांगितलं. ती भाकरीचं पीठ हाताचं काढत म्हनाली, "म्याडमला खरं सांगा की."

"तिला काय कळतंय घरचं."

"तुमाला तरी कुटं कळत व्हतं, हा उन्हाळा येईपर्यंत?"

मग मी डोस्कं चालवलं. माजं डोस्कं चाललं की घरात मोडतोड व्हती. मी एक सुती दोरी आनली. एक टोक आबाच्या हातात, दुसरं माज्या पायाच्या घोट्याला. कानाशी जाऊन समजावलं, "हाक न्हाय मारायची. दोरी वडायची. मी वडली उलटी, की समजायचं हाय." आबा लई खूस. मागावरच्या मानसाला धागा दिला, आनि काय पायजे? दर दोन मिनटाला वडाय लागले.

तिसऱ्या दिवशी नाशिकच्या एक काकू बघत व्हत्या. चादरीची लांबी दाखवायला मी स्टुलावर चढलो, चादर दोनी हातांत पसरली, आनि आबानं दोरी वडली. मी चादरीसकट खाली. मोबाइल उताना. वर शर्ट व्हता माज्या, खाली कमरंला टॉवेल, कारन उकडतंय किती ते सांगितलंच की. तो टॉवेल काकूंना पुरा दिसला. मी पडल्या पडल्या म्हनलो, "नमस्कार."

काकू म्हनल्या, "लागलं का हो?... आणि तो टॉवेल कुठला? चांगला वाटतोय. सहा पाठवा."

मंगल संध्याकाळी म्हनाली, "कमरंचं तेवडं इकू नका."

तरी दोरी चालली. पडून, झडून, पन चालली. म्याडमच्या पंधरा दिसांतले अकरा दिवस मी नमस्कारावर काढले.

बाराव्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक मोठं व्हतं. बेंगलोरचं लग्नघर, वऱ्हाडाला द्यायला शंभर चादरी. नवरीची आई, मावशी, अजून कोन कोन, सगळ्या एका मोबाइलमदी डोकी घालून बसलेल्या. म्याडम सोता ऐकत व्हत्या, त्यांचा चौकोन कोपऱ्यात. मी एकेक चादर उलगडत व्हतो.

"सुऱ्या, हाईस का?"

मी पाय हलवला. दोरी हलकी लागली. बघितलं तर दुसरं टोक उंबऱ्यापाशी मोकळं पडलेलं. आबांनी हातातनं सोडून दिलेली.

"ही बघा, काकू, मोराची नक्षी," मी म्हनलो.

"सुऱ्या, हाईस का रं?"

"काठ बघा काठ."

तिसरी हाक आली. ती बारीक व्हती. सगळी गल्ली ऐकंल अशी न्हाय. मग काठीचा आवाज. टक. टक. टक. आनि तो आवाज मोरीकडं चाललेला. माज्या हातात मोर, तोंडात नमस्कार, कोपऱ्यात म्याडम. आनि टक-टक थांबलं.

"हाय!" मी वराडलो. "आबा, हाय! हितं हाय मी!" आनि चादर तशीच अंगावर घेऊन पळालो.

आबा मोरीच्या दारात उभे. एक हात भितीला. मला बघितलं, आनि माज्या अंगावरचा मोरबी बघितला.

"हाईस व्हय," म्हनले. "मला वाटलं दुकानात गेलास."

तवा मला कसं झालं ते सांगत न्हाय. हातभरावर असून मी दुकानातच व्हतो की. आबा चुकीचं काय बोललेच न्हवते. त्यांना धरून खाटंवर आनलं. दोरी का सोडली इचारलं तर म्हनले, "धाग्याला आवाज नसतंय रं."

परत मोबाइलपाशी आलो तर लग्नघर गेलेलं, एकटा म्याडमचा चौकोन. मी ताठ उभा ऱ्हायलो, सातवीचा निकाल ऐकायला ऱ्हायलो व्हतो तसा. आनि सगळं सांगून टाकलं. मोरी, हाका, कान, दोरी. उत्साह खोटा व्हता हेबी सांगितलं.

तेवड्यात म्याडमच्या मागनं कुटनंतरी एक म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, पातळ, लांबचा. म्याडमनी मान वळवली. मोबाइल बंद करायचं इसरल्या असतील.

"आहे गं आई, आहे," म्हनल्या. "इथंच आहे."

मी चादरीची घडी घालत ऱ्हायलो. मला काय ऐकू आलं न्हाय असं दाखवायला घडी चार वेळा घातली.

म्याडम परत माज्याकडं वळल्या. आवाज तोच, कडक. "नियम तो नियम, सुरेश. कॉलमधे दोनदा. दोनपेक्षा जास्त हाय चालणार नाही."

"ते आबाला सांगा, म्याडम," माज्या तोंडातनं गेलं.

"...तीनदा," म्हनल्या. "आणि ते लग्नघरवाले विचारत होते, आजोबांना लागलं नाही ना. त्यांना फोन करा."

केला. चादरी घेतल्या त्यांनी, मोराच्याच. पुन्याचं गोडाऊन परत कदी निघालं न्हाय. म्याडम काय मऊ झाल्या न्हाईत, ठिपका अजून तसाच हाय आनि तो विझला की फोन तसाच येतंय. पन कूलर लावायची परवानगी आली. आनि मला त्या दिसापासनं त्यांच्या चौकोनाच्या मागं एक अजून खोली दिसाय लागली, जी दिसत न्हाय.

तर असा तो उन्हाळा. आता यंदाचं सांगतो.

दिवाळीला आबाला कानाचं मशीन घेतलं. पयल्या दिवशी कानात घातलं आनि त्यांनी चिमनी ऐकली. "ही कोन?" म्हनले. मग पत्रा ऐकला, मंगलच्या बांगड्या ऐकल्या. मग मला ऐकलं. सलग दोन तास. गिऱ्हाइकाशी बोलताना. संध्याकाळी म्हनले, "दिवसभर एवडं खोटं बोलतोस?" आनि मशीन काढून खिशात ठेवलं. "म्यूट केलंय," म्हनले. हा शब्द माजाच. पावसाळ्यात मीनानं मला मोबाइलचं ते आवाज बंद करायचं बटन दाखवलं, तवापासनं मी म्हनायचो तो त्यांनी ऐकून ठेवलेला.

आता ते हाक मारत न्हाईत. मशीन कानात असलं की माजा आवाज येतंयच की, हाईस का इचारायचं कशाला? घर गप झालं. म्याडम म्हनल्या, "सुरेश, खूप सुधारणा आहे." आनि मला मातर चुकल्यासारखं. दर पंधरा मिनटांनी कान आपोआप मागं जायचे, कुनी इचारतंय का बघायला. मानसाला आपन हाय हे कुनीतरी इचारल्याबिगर नीट पटत न्हाय.

म्हनून आज दुपारी मीच हाक मारली. कूलर भुरभुर करत व्हता, त्या वासानं मला गेल्या साली नेऊन सोडलेलं. समोर कॅनडाच्या बाई, त्याच, यंदा परत आल्यात. मी मदीच मान वळवून म्हनलो, "आबा, हाय का तुमी?"

उत्तर न्हाय.

परत मारली. न्हाय. काठीचा आवाज न्हाय, शेंगांचा न्हाय. "एक मिनिट, बाई," म्हनलो आनि पळालो, पन कूलरची वायर इसरलो. वायरीत पाय, मी आडवा, कोपर फुटलं, मोबाइल स्टँडसकट खाली, आनि मी सरपटत दारातनं बघतोय तर आबा खाटंवर निवांत. मांडीवर सुपात शेंगा. मशीन खिशात. माज्याकडं बघून त्यांनी सावकाश मशीन काढलं, कानात घातलं.

"काय रं, पडलास?"

"हाका मारतोय की मगाधरनं! ओ का न्हाय देत?"

"म्यूटवर व्हतो," म्हनले.

मला हसावं का रडावं कळंना. फरशी मातर गार व्हती, म्हनून तितंच पडून ऱ्हायलो. आबांनी मूठभर शेंगदानं माज्या हातावर ठेवलं. सोप्यातनं, पालथ्या पडलेल्या मोबाइलमदनं, कॅनडाच्या बाईंचा आवाज येत व्हता, घाबरलेला.

"हॅलो? हाय? ...हाय?"

मी उठाय लागलो, तर आबांनी हातानं दाबून बसवलं, सुपातलं फोलपट फुंकलं, आनि सगळ्या गल्लीला, पुन्याला, पार कॅनडाला ऐकू जाईल असं वराडले,

"हाय हाय! दोगंबी हाय!"